न कापलेला मुखवटा

नागोजीमामा,

तुम्ही जाऊन महिना होऊन गेला, तरी तुमच्या फोनवर अजून फोटो येतात. मामींनी फोन बंद केलेला नाही. परवा बेळगावच्या कुणीतरी एका जुन्या कॉमिकचं मुखपृष्ठ पाठवलं आणि खाली लिहिलं, "काका, अस्सल आहे का तेवढं बघा." मामींनी मला फोन करून विचारलं, "ह्याला काय सांगू गे मेधा?" मी म्हटलं, "सांगा, पिनांचा फोटो पाठव." त्यावर मामी हसल्या. तुम्ही गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्हाला ती आवडणार नाही हे मला माहीत आहे. हुणसूरच्या गिरिजा मेडमच्या पुस्तकाबद्दल आहे, म्हणजे ज्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं त्याबद्दल. पण तुमच्याशी बोलायला बसले की मागचं सगळं आठवत राहतं, तेव्हा थोडं तेही ऐकून घ्या. आता तुम्हाला कुठे घाई आहे?

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. नोकरीसाठी नाशिक सोडून म्हैसूरला आले तेव्हा सामानात दादाची कॉमिक्सची पेटी आली होती. हिनकलला घर घेतल्यावर ती माळ्यावर गेली आणि कितीतरी वर्षं तिथेच राहिली. एका रविवारी साफसफाई करताना ती उघडली, 'बिजलीबहाद्दर'चा एक मराठी अंक हाती लागला, आणि मी मोठ्या तोऱ्यात त्याचा फोटो जुन्या कॉमिक्सच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. एका अनोळखी माणसाने मात्र लिहिलं, "छान आहे ताई. पण आतला आणि बाहेरचा वेगळ्या घरचे आहेत. लग्न झालेला पुस्तक आहे हा." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी लिहिलं की हा माझ्या सख्ख्या भावाचा अंक आहे आणि छापल्यापासून आमच्याच घरात आहे. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: "दोन पिनांचे चार भोकं पाहिजेत, कव्हरला सहा दिसतात."

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "मेधे, तू चार वर्षांची असताना त्याचं कव्हर फाडलं होतंस. मी शेजारच्या बंड्याच्या अंकाचं काढून लावलं. बंड्याला अजून माहीत नाही, तू सांगू नकोस." नाशिकच्या आमच्या गल्लीत चाळीस वर्षांपूर्वी झालेली चोरी तुम्ही इथे म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरमच्या घरी खुर्चीत बसून, फोनवरच्या फोटोतून पकडली होती. पुढच्या रविवारी मी चिवड्याचा डबा घेऊन तुमच्याकडे माफी मागायला आले.

दारात तुम्ही म्हणालात, "ये ये, बस. कापी पितेस न? सुम्ने संकोच करू नको." तुमची मराठी ऐकून मी गोंधळले होते. तुमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कधी कन्नडमध्ये उतरेल याचा नेम नाही. तुम्ही जाधव आणि माझ्या आईचं माहेरही जाधवांचं, एवढ्या आधारावर मी तुम्हाला मामा केलं. मामी म्हणाल्या, "भाची मिळाली आयतु, आता पुस्तकं दाखवून दाखवून तिचा जीव घेतील." तेही खरं झालं.

छापखान्यात मशीनवर आयुष्य गेलेला माणूस कागदाकडे कसा बघतो ते मी तुमच्याकडून शिकले. जुना कागद कडेने आत पिवळा होत जातो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा असतो. गंजलेल्या पिनेचा तांबूस डाग आतल्या पानावर उतरलेला पाहिजे, आणि पीन गंजकी असून पान स्वच्छ असेल तर पीन नंतर लावलेली आहे. छापील चित्र रंगीत ठिपक्यांचं असतं, आणि छापलेल्यावरून पुन्हा छापलं की ठिपक्यांवर ठिपके पडून माणसाच्या गालाला देवी आल्यासारख्या दिसतात. फोटो कसा काढायचा याचे तर तुमचे कायदेच होते: खिडकीपाशी, सकाळी, उजेड बाजूने यायला पाहिजे, आणि शेजारी एक काडेपेटी, म्हणजे आकार कळतो. कुणी फुलाफुलांच्या पलंगपोसावर पुस्तक ठेवून फोटो पाठवला की तुम्ही करवादायचात, "पुस्तक दाखव म्हटलं, चादर कशाला दाखवतो हा?"

आणि एक गोष्ट माझ्या मनात फार आहे. कुणाच्याही पुस्तकाला तुम्ही खोटं म्हणायचा नाहीत. "हा पुस्तक धाकटा आहे," एवढंच सांगायचात. मी एकदा चिडवलं की मामा, नकली तर नकली म्हणा ना. तुम्ही म्हणालात, "नोडम्मा, पुस्तक खोटं बोलत नाही. विकणारा बोलला असेल. ज्याच्या घरात आहे त्याने प्रेमाने ठेवलंय, अल्वा?" तुम्ही असे होतात म्हणूनच ते गिरिजा मेडमचं प्रकरण मला इतकं लागलं.

गेल्या वर्षभर तुमच्या डोक्यात प्रदर्शन होतं. म्हैसूरमध्ये छापलेली कॉमिक्स, एका सभागृहात, काचेखाली. त्यात तुमचा जीव अडकला होता तो 'बिजलीबहाद्दर'च्या कन्नड पहिल्या अंकात, कारण तो इथल्याच एका बंद पडलेल्या छापखान्यात छापलेला. त्या अंकाच्या शेवटच्या पानावर मुखवटा होता. कापायचा, दोरा ओवायचा आणि तोंडाला बांधायचा. त्यामुळे त्या वेळच्या प्रत्येक मुलाने शेवटचं पान कापलं. तुम्ही आयुष्यात चार प्रती पाहिल्या आणि चारही बिनमुखवट्याच्या. मग मधल्या काळात कुणीतरी शेवटच्या पानासकट नव्या छापलेल्या प्रती जुन्या म्हणून विकल्या, आणि तुम्ही दुधाने तोंड पोळल्यासारखे ताकही फुंकून पिऊ लागलात.

तेव्हाच हुणसूरहून गिरिजा मेडमचे फोटो आले. निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे अख्खी प्रत होती, मुखवटा न कापलेली, आणि मुखवट्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ: "बण्ण: पुट्टस्वामी." बण्ण म्हणजे रंग, आणि पुट्टस्वामी म्हणजे त्यांचे वडील. त्या छापखान्यात रंगांच्या प्लेटा हाताने करणारे. आयुष्यभर केलेल्या कामावर त्यांचं नाव छापलं गेलं ते त्या एकाच पानावर. ते कधीच गेले. गिरिजा मेडमची आई सत्याऐंशी वर्षांची आहे. लेकीची इच्छा एवढीच की अव्वाच्या डोळ्यांदेखत ते पान चार लोकांनी बघावं.

तुम्ही फोटो बघितलेत आणि लिहिलंत, "मेडम, पुस्तक धाकटं आहे." त्या साध्या शब्दांचा त्यांच्या घरी काय अर्थ झाला असेल, मामा? म्हणजे वडिलांनी सांगितलं ते खोटं, किंवा कुणीतरी मागून ते नाव घुसडलं. त्यांनी "सरि सर", म्हणजे बरं सर, एवढंच उत्तर दिलं आणि ग्रुप सोडला.

मी दुपारी तुमच्याकडे आले. मामींनी कॉफी आणून ठेवली. मी म्हटलं, "मामा, त्यांनी नक्की कागदपत्रं स्कॅन करायच्या अ‍ॅपने फोटो काढलाय. ती अ‍ॅप पिवळा कागद पांढराफटक करून टाकतात."

"अ‍ॅप नाही, गीप नाही. कागद नवा आहे."

"पिनांचा फोटो तरी मागवा. नेहमी मागवता."

"कशाला? चार प्रती बघितल्या मी, चारीचा मुखवटा कापलेला. हा एकच काय की अख्खा राहतो?"

"मग जाऊन हातात घेऊन बघू. हुणसूर काय काशीला आहे? हिनकलवरून बस मिळते."

"इतके वर्षं फोटोवर सांगितलं," तुमचा आवाज चढला, "आता सांगायला येत नाही म्हणून सांगू काय लोकांना?"

हट्टाला पेटलेला माणूस दिसला की मी दुप्पट पेटते, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "वय झालं मामा आता तुमचं. कधीतरी दुसऱ्याच्या डोळ्यांनीही बघत जा."

तुम्ही चष्मा काढलात, लुंगीच्या टोकाने पुसलात, पुन्हा घातलात. मग अगदी खाली आवाजात म्हणालात, "आयतु. झालं. तू बघ." मी कॉफी तशीच टाकून निघाले. सोळा दिवस मी फोन केला नाही. तुम्हीही केला नाहीत. रोज वाटायचं, आज मामांचा फोन येईल, कुठल्या तरी पलंगपोसावरून शिव्या घालत. सतराव्या दिवशी आला तो मामींचा.

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तुमचा हात मी हातात घेतला होता, एवढंच सांगते.

तेराव्यानंतर मी मामींजवळ बसले होते. बोलता बोलता माझ्या तोंडून ते भांडण निघालं आणि मला रडू आवरेना. मामींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्यांच्या डोळ्यात पोरे आलं होतं गे. दोन्ही डोळ्यात." मला कळलं नाही. "पोरे गे, मोतीबिंदू म्हणता न तुम्ही. आपरेशन कर म्हणून डाक्टर बोलले. प्रदर्शन होऊ दे, मग करतो म्हणाले. कुणाला सांगू बेडा म्हणाले. मेधाला तर अजिबात बेडा."

"मग फोटो कसे बघायचे, मामी?"

"सगळं पिवळं दिसायचं न त्यांना. म्हणून रोज सकाळी देवाची मल्लिगे आली की त्यातलं एक फूल उचलायचे. खिडकीपाशी धरून मला विचारायचे, हे पांढरं आहे न? मी हौदु म्हणायचे. मग स्वतःशीच बोलायचे, मला हळदीसारखं दिसतंय, म्हणजे आज इतकं पिवळं कमी धरायचं."

 म्हणजे वर्षभर तुम्ही रोज मोगऱ्याच्या एका फुलावर स्वतःचे डोळे ताडून बघत होतात, आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येक फोटोतून तुमच्या डोळ्यांचं पिवळं मनातल्या मनात वजा करत होतात! गिरिजा मेडमच्या पानांचं पिवळं खरं होतं, पन्नास वर्षांचं होतं. पण पिवळ्या झालेल्या डोळ्यांना पांढरा आणि पिवळा कागद जवळजवळ सारखाच दिसतो; तुम्ही त्यातूनही तेवढंच वजा केलंत आणि खाली कोरा नवा कागद उरला. कदाचित त्या दिवशीचं फूल आदल्या दिवशीचं, स्वतःच पिवळं पडलेलं असेल, आणि तुम्ही जरा जास्तच वजा केलं असेल. कोण जाणे. असली चूक करायलाही तुमच्याइतका काटेकोर माणूस लागतो.

मला तुमचा भयंकर राग आला. मला सांगितलं असतंत तर मी रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसले असते, "हे पान असं आहे, ही कड अशी आहे" म्हणून वाचून दाखवलं असतं, आणि निर्णय तुमचाच राहिला असता. पण तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी काय बोलून बसले? दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघा! शंभर गोष्टी बोलता आल्या असत्या, नेमकी हीच बोलले.

पुढच्या रविवारी सकाळी मी हुणसूरच्या बसमध्ये बसले. गिरिजा मेडमनी दार उघडलं आणि मी त्या ग्रुपमधली म्हटल्यावर उंबऱ्यातच थांबल्या. "तेच परत सांगायला आलात का?" माझं कन्नड मोडकंतोडकं, पण "नाही, बघायला आले आहे, माझ्या हातांनी" एवढं मला सांगता आलं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून पुस्तक काढलं. कसर लागू नये म्हणून पेटीत तंबाखूची पानं पसरलेली. पुस्तकालाही तोच वास होता. मामा, पहिली गोष्ट मला जाणवली ती ही, की हा वास कुठल्याही फोटोत आला नसता.

मी पुस्तक खिडकीपाशी नेलं आणि तुम्ही शिकवलंत तसंच सगळं केलं. कडा तपकिरी, आतल्या बाजूला फिकट होत गेलेल्या. दोन पिना, चार भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती गंजाचा डाग, एकेका पानावर पुसट होत मधल्या पानापर्यंत उतरलेला. सातव्या पानावर लाल रंग केसभर सरकलेला, तुमच्या चारही प्रतींत सरकला होता तसाच. ठिपके स्वच्छ. मग पिनेपाशी पहिलं पान जरासं वर उचलून पाहिलं. पहिलं आणि मुखवट्याचं पान एकाच कागदाचे दोन अर्धे होते, घडी कुठेही तुटलेली नव्हती, आणि दोघांचं वय एकच होतं. शेवटचं पान मागून घुसडायला जागाच नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला, मामा? तेवढा एक बसचा प्रवास आपण करायला हवा होता.

मी त्यांना विचारलं, "फोटो कुठल्या अ‍ॅपने काढला होता?" त्या म्हणाल्या, "अ‍ॅप? अंगणात उभी राहिले आणि काढला." म्हणजे माझंही कारण साफ चुकलं होतं. मी तुमच्याशी तावातावाने भांडले ते नसलेल्या अ‍ॅपवरून. एक तुमचे डोळे आणि एक माझं डोकं, दोन्हींनी मिळून त्या बाईला घरी बसवलं होतं.

मग त्या जरा मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "वर्गातल्या सगळ्या मुलांकडे मुखवटा होता. ज्यांनी तो रंगवला त्यांच्याच मुलीकडे नव्हता. मी दोन दिवस जेवले नाही. तरी अप्पांनी कात्री दिली नाही." हे ऐकून खाटेवर बसलेल्या अव्वाने मान वर केली. ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी मी कात्री दिली होती. त्यांनी येऊन हातातून काढून घेतली." आणि ती खुदकन हसली.

परत येताना मी आनंदात होते. हिनकलला उतरेपर्यंत लक्षात आलं की खरी अडचण आता सुरू होते. प्रदर्शनाचं सगळं पाहणारे श्रीनाथ, पुण्याहून आलेले, सभ्य माणूस. तुम्ही गेल्यावर त्यांनीच प्रदर्शनाला तुमचं नाव द्यायचं ठरवलं. मी फोन केल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमचा मुद्दा पटतो. पण टायमिंग बघा ना. मामांच्या नावाचं प्रदर्शन, आणि त्यातच मामा चुकले म्हणून सांगायचं? ही प्रत आपण पुढच्या वर्षी लावू की."

पुढच्या वर्षी. सत्याऐंशी वर्षांच्या बाईला पुढच्या वर्षी!

एक पळवाट होती. प्रत मुकाट्याने मांडायची आणि आधीच्या निकालाबद्दल मूग गिळून बसायचं. पण ग्रुपचा नियम तुमचाच आहे: निकाल बदलला की का बदलला ते सगळ्यांसमोर लिहायचं, म्हणजे पुढचा तसाच चुकत नाही. तुम्ही स्वतः दोनदा "माझी चूक" असं ठळक लिहिलेलं मी वाचलं आहे. आणि कारण लिहायचं म्हणजे तुमचे डोळे चव्हाट्यावर आणायचे, जे तुम्ही माझ्यापासूनसुद्धा लपवलेत. मी दोन दिवस हे घेऊन फिरले. खरं सांगते, एकदा वाटलं, जाऊ दे, मेलेल्या माणसाचा मान राहू दे, गिरिजा मेडमना काहीतरी सांगता येईल.

शेवटी मामींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "चुकले तर चुकले म्हण. एक्केचाळीस वर्षं मी म्हणत होते, तेव्हा कुणी लिहून घेतलं नाही." मग शेंगा बाजूला ठेवल्या. "डोळ्यांचं पण लिही. लाजण्यासारखं काय आहे त्यात? इतकं दिसत नसताना कोण इतकं बघतं?"

त्याच संध्याकाळी मी लिहिलं. "हुणसूरची प्रत मी प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिली. पहिली आवृत्ती, संपूर्ण, मुखवटा न कापलेला. नागोजीमामांचा निर्णय चुकला होता. त्यांना मोतीबिंदू होता. निर्णय बरोबर होता की चूक यावर मीही त्यांच्याशी वाद घातला, पण माझं कारणही चुकलं." खाली पिनांचे, कडांचे, घडीचे फोटो. काडेपेटीसकट. तेच सगळं गिरिजा मेडमनाही पाठवलं.

 तासाभराने एकाने लिहिलं, "माणूस जाऊन महिना झाला नाही, तोच सुरू झालात." त्याने ग्रुप सोडला.  मग हासनच्या एका गृहस्थांनी विचारलं, "मामांनी गेल्या वर्षी नाकारलेली माझी प्रत पुन्हा बघाल का?" मग आणखी एकाने. अशा सात जणांनी फोटो पाठवले. आठवडाभर मी आणि मामी तुमच्याच टेबलाशी बसून ते बघत होतो. मामींची नजर पिनेच्या बाबतीत माझ्यापेक्षा बरी आहे, इतकी वर्षं ऐकून ऐकून. सातांपैकी पाच वेळा तुम्हीच बरोबर निघालात, मामा. त्या तसल्या डोळ्यांनीसुद्धा. श्रीनाथांचा फोन आला आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, हुणसूरच्या प्रतीचं कार्ड तुम्ही लिहाल का?"

गेल्या रविवारी प्रदर्शन झालं. गर्दी होती. दाराशी तुमचा हार घातलेला फोटो होता, त्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावर चिडलेले दिसता, म्हणून मीच तो निवडला. मधल्या काचेखाली गिरिजा मेडमचं पुस्तक, शेवटचं पान उघडून ठेवलेलं. शेजारी कार्ड, कन्नडमध्ये आणि मराठीत: रंग, पुट्टस्वामी.

अव्वा लेकीचा हात धरून आली. तिने काचेवर बोट ठेवून नवऱ्याचं नाव एकेक अक्षर जोडत वाचलं. लोक बाजूला झाले. कुणीतरी खुर्ची आणली, ती बसली नाही. दुसऱ्यांदा वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे खोटं आहे म्हणाले ते कोण?"

तुम्ही खोटं कधी म्हणाला नव्हतात. पण तिला ते कसं समजावणार? मी दाराकडे, तुमच्या फोटोकडे बोट दाखवलं. म्हटलं, "ते गेले, अव्वा."

"गोत्तु," ती म्हणाली. माहीत आहे. ती लेकीला घेऊन सावकाश दारापर्यंत गेली आणि तुमच्या फोटोसमोर उभी राहिली. रागावलेली नव्हती. नातेवाइकाकडे बघावं तसं बघत होती. "डोळ्यांनी दिसत नव्हतं ना त्यांना? गिरिजाने वाचून दाखवलं मला." मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "हागादरे नीने हेळु अवरिगे." म्हणजे, मग तूच सांग त्यांना.

मी मान डोलावली. पण इतक्या लोकांत, तुमच्या त्या चिडक्या चेहऱ्यापुढे माझा आवाज फुटला नाही. म्हणून आज घरी बसून सांगते आहे.

मामा, पुट्टस्वामींची प्रत अस्सल आहे. तुम्ही चुकलात. आणि त्या दुपारी तुमच्या डोळ्यांवरून मी जे बोलले, ते मी चुकले.